पॉलिपच्या रिपोर्टात एक आकडा हवा

नाकात मांस, म्हणजे पॉलिप, वाढलं म्हणून दुर्बिणीतून ऑपरेशन होतं. काढलेले तुकडे फॉर्मॅलिनच्या बाटलीत पडतात आणि नाशिकच्या गंगापूर रोड, कॅनडा कॉर्नर किंवा मुंबई नाक्याच्या आसपासच्या एखाद्या लॅबमध्ये पोहोचतात. चार दिवसांनी रिपोर्ट हातात येतो: ‘इन्फ्लमेटरी नेझल पॉलिप, कॅन्सरचा पुरावा नाही.’ घरच्यांचा जीव भांड्यात पडतो आणि फाइल कपाटात जाते. आमच्या पॅथॉलॉजीच्या धंद्यात असे रिपोर्ट रोज निघतात आणि त्यात खोटं काहीच नसतं. पण पॉलिपवाल्या पेशंटांपैकी बऱ्याच जणांना दमाही असतो. त्यांच्या छातीच्या डॉक्टरला जी गोष्ट कळायला हवी ती स्लाइडवर समोर दिसत असते, फक्त रिपोर्टात नसते.

ती गोष्ट म्हणजे इओसिनोफिल नावाच्या पांढऱ्या पेशींची संख्या. प्रत्येक पॉलिपच्या रिपोर्टात ही संख्या आकड्यात लिहिली गेलीच पाहिजे, असं माझं म्हणणं आहे. आणि इतक्यावर थांबायचं नाही. कुठल्याही दमेकऱ्याचा स्टेरॉइडचा डोस वाढवण्याआधी ही पेशी रक्तात, बेडक्यात किंवा तुकड्यात मोजली पाहिजे. नाशिकला हे परवडतं का? नवं यंत्र लागत नाही, नवा रंग लागत नाही. लागतात ती डोळ्यांची पाच-सात मिनिटं.

पॉल एर्लिख यांनी १८७९ मध्ये ही पेशी वेगळी ओळखली, ती ज्या लाल रंगामुळे, तो रंग आजही प्रत्येक लॅबमध्ये रोजच्या वापरात आहे. हिमॅटॉक्सिलिन आणि इओसिन लावलेल्या साध्या स्लाइडवर ती लपत नाही. दोन पाळ्यांचं केंद्रक, आणि भोवती भडक नारिंगी-लाल कण. हे कण म्हणजे प्रथिनांचा दारूगोळा: मेजर बेसिक प्रोटीन, इओसिनोफिल पेरॉक्सिडेज, कॅटायॉनिक प्रोटीन. ते फुटले की श्वासनलिकेचं अस्तर सोलवटतं, कफ चिकट होतो, नळी जरा काही निमित्त मिळालं की आवळते. या पेशी मोठ्या संख्येने मेल्या की मागे टोकदार स्फटिक उरतात. शार्को आणि लायडन या दोघांच्या नावाचे हे स्फटिक एकोणिसाव्या शतकापासून दमेकऱ्यांच्या कफात दिसत आलेत. बराच काळ त्यांना नुसता कचरा समजलं गेलं. २०१९ मध्ये बेल्जियममधल्या गेंटच्या संशोधकांनी दाखवलं की हे स्फटिक स्वतःच दाह पेटता ठेवतात.

पॉलिपमध्ये किती इओसिनोफिल म्हणजे जास्त? २०२० च्या युरोपीय मार्गदर्शक तत्त्वांनी सूक्ष्मदर्शकाच्या एका मोठ्या क्षेत्रात, म्हणजे चाळीसच्या लेन्सखालच्या एका गोलात, दहा किंवा अधिक ही रेषा धरली. जपानमधल्या मोठ्या अभ्यासाने २०१५ मध्ये सत्तर सांगितले होते. दहा कुठे आणि सत्तर कुठे, असं कुणी म्हणेल. पण जपानी आकडा काढला होता तो ऑपरेशननंतर पॉलिप परत कुणाचे येतात हे पाहून, आणि युरोपीय रेषा आहे दाहाचा प्रकार ठरवण्यासाठी. म्हणून तर ‘इओसिनोफिल वाढलेले’ असं मोघम विशेषण न लिहिता आकडा लिहावा. रेषा कुठे ओढायची ते वाचणारा ठरवेल.

आमच्याच मंडळींना इथे एक टोला मारतो. अन्ननलिकेचा तुकडा आला की हेच पॅथॉलॉजिस्ट नेमाने मोजतात, कारण तिथे एका क्षेत्रात पंधरा ही संख्या निदानाची अट म्हणून पाठ्यपुस्तकात छापलेली आहे. म्हणजे मोजता येत नाही ही सबब खरी नाही. नाकाच्या तुकड्याबाबत कुणी विचारत नाही, एवढंच.

मोजायचं तर मात्र नीट मोजायला हवं. प्रत्येक सूक्ष्मदर्शकाचा गोल सारखा नसतो. जुन्या आयपीसचा, म्हणजे डोळ्याजवळच्या भिंगाचा, क्षेत्रांक अठरा असेल आणि नव्याचा बावीस, तर नव्या गोलाचं क्षेत्रफळ जवळजवळ दीडपट होतं. त्याच तुकड्यात एकाला दहा दिसतील, दुसऱ्याला पंधरा. तेव्हा आकड्याशेजारी गोलाचा व्यासही लिहिला पाहिजे. दुसरी अडचण सर्जनच्या बाजूची. पॉलिप आकसावा म्हणून ऑपरेशनआधी बरेच सर्जन स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, आणि ते योग्यच आहे. पण त्या गोळ्यांनी तुकड्यातले इओसिनोफिल झपाट्याने कमी होतात. फॉर्मवर ‘स्टेरॉइड इतके दिवस घेतलं’ ही ओळ नसेल तर आमचा आकडा फसवा ठरतो. आणि नाकातला तो घट्ट, पिवळट-तपकिरी, च्युइंगमसारखा कफ? तो बहुतेक वेळा सक्शनच्या नळीतून थेट बाटलीत आणि तिथून गटारात जातो. बुरशीच्या ॲलर्जीने होणाऱ्या सायनसच्या आजारात निदान त्या कफातच दडलेलं असतं. तोही पाठवा.

एक मर्यादा मात्र मोजणाऱ्याने कायम लक्षात ठेवावी. पेशी फुटून गेली की ती मोजता येत नाही, तिचं विष मात्र मागे राहतं. मेयो क्लिनिकमधल्या जेराल्ड ग्लाइश यांच्या गटाने १९८२ मध्ये दमेकऱ्यांच्या फुप्फुसाच्या ऊतींमध्ये मेजर बेसिक प्रोटीन चमकतं रंगवून दाखवलं, तेव्हापासून हे माहीत आहे. कमी आकडा म्हणजे दाह नाहीच, असा अर्थ घाईने काढू नये.

आता हे सगळं नाकाचं, आणि प्रश्न दम्याचा, असं वाटेल. पण नाक आणि फुप्फुस ही एकाच वाटेची दोन टोकं. दमेकऱ्याच्या श्वासनलिकेतून तुकडा काढणं सोपं नाही, त्यासाठी ब्राँकोस्कोपी लागते आणि ती उगाच कुणी करत नाही, करूही नये. ऑपरेशन झालेल्या पॉलिपवाल्याचा तुकडा मात्र आयताच हातात आलेला असतो. दमा, पॉलिप आणि वेदनाशामक गोळीचं वावडं हे त्रिकूट ज्यांच्यात असतं त्यांच्यात तर इओसिनोफिलची गर्दी ठरलेली. अशा माणसाने गुडघेदुखीसाठी मेडिकलमधून परस्पर डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन घेतलं तर रात्री इमर्जन्सी गाठावी लागते. हा इशारा रिपोर्ट वाचून कुणी तरी दिला तर तेवढ्याने एखादा जीव वाचू शकतो.

मोजण्यावर माझा इतका भर का, याचं उत्तर दम्याच्या औषधांच्या इतिहासात आहे. १९५६ मध्ये ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने जुनाट दम्यात कॉर्टिसोनची चाचणी घेतली. टिकाऊ फायदा फारसा दिसला नाही. औषध बाजूला पडायचं, पण डर्बी गावातले हॅरी मॉरो ब्राउन हे डॉक्टर दवाखान्यातच सूक्ष्मदर्शक घेऊन बसले आणि पेशंटांचे बेडके काचेवर पसरून पाहू लागले. ज्यांच्या बेडक्यात इओसिनोफिल होते त्यांना प्रेडनिसोलोनने मोठा आराम पडत होता. ज्यांच्यात नव्हते त्यांना जवळजवळ नाहीच. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांनी हे मांडलं. दोन वेगळ्या आजारांचे लोक एकाच गठ्ठ्यात मोजले गेल्यामुळे सरासरीत औषधाचा गुण पुसला गेला होता.

पन्नास वर्षांनी शहाण्यांनी तीच चूक पुन्हा केली, याचं मला आजही नवल वाटतं. मेपोलिझुमॅब हे इंजेक्शन इओसिनोफिलला पोसणारं रसायन, इंटरल्यूकिन-५, अडवतं. २००७ मध्ये त्याची मोठी चाचणी जाहीर झाली, ३६२ दमेकऱ्यांवरची. निकाल निराशाजनक. कारण पेशंट निवडताना इओसिनोफिल पाहिलेच नव्हते. २००९ मध्ये इंग्लंडमधल्या लेस्टरच्या गटाने फक्त बेडक्यात इओसिनोफिल असलेले आणि वारंवार झटके येणारे ६१ जण घेतले. वर्षाला सरासरी झटके खोटं इंजेक्शन मिळालेल्यांत ३.४, खरं मिळालेल्यांत २. तेच औषध, फक्त माणसं नेमकी निवडलेली. २०१५ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. त्याच लेस्टरमध्ये त्याआधी, २००२ साली, ७४ पेशंटांवर साधा प्रयोग झाला होता: अर्ध्यांचा उपचार नेहमीसारखा लक्षणं पाहून, अर्ध्यांचा बेडक्यातले इओसिनोफिल मोजून. वर्षभरात पहिल्या गटात गंभीर झटके १०९, दुसऱ्यात ३५. औषधं त्याच कपाटातली.

मग रक्ततपासणी पुरे नाही का? सीबीसी तर कोपऱ्यावरच्या लॅबमध्येही होते. बऱ्याच वेळा पुरते, आणि जिथे दुसरं काही नाही तिथे तीच करावी. पण नाशिक जिल्ह्यात रक्ताच्या आकड्यावर डोळे मिटून विसंबता येत नाही. आपल्याकडे ‘इस्नोफिलिया झालाय’ म्हणत लोक वर्षानुवर्षं एकच चिठ्ठी जपतात, जणू तोच आजार. त्या चिठ्ठीवर बहुतेक वेळा टक्के असतात. आठ टक्के ऐकून माणूस घाबरतो. पण एकूण पांढऱ्या पेशी पाच हजार असतील तर ते होतात ४००, आणि बारा हजारांचे चार टक्के होतात ४८०. कमी टक्केवाल्याच्या अंगात इओसिनोफिल जास्त. टक्क्यांऐवजी नेमकी संख्या छापा, हे लॅबवाल्यांना सांगायला कुठल्या परिपत्रकाची वाट पाहायची?

त्यात जंत. सुरगाणा, पेठ, हरसूलकडून द्राक्षाच्या हंगामात दिंडोरी-निफाडला येणारा मजूर अनवाणी शेतात वावरलेला असतो. त्याच्या रक्तातले इओसिनोफिल जंतांमुळे वाढलेले असू शकतात, छाती ठणठणीत असली तरी. हत्तीरोगाच्या जंतामुळे होणारा खोकला तर भारतातच नीट ओळखला गेला. १९४३ मध्ये वाइनगार्टन या डॉक्टरांनी त्याला ट्रॉपिकल इओसिनोफिलिया हे नाव दिलं. त्यात रक्तातला आकडा तीन हजारांच्या वर जातो, रात्री दम्यासारखी धाप लागते, आणि उपाय असतो डीईसी या हत्तीरोगाच्या जंतावरच्या औषधाच्या गोळ्या. त्याला दमा समजून पंप देत राहणं व्यर्थ. आणि साध्या ४००-५०० वाल्या दमेकऱ्याला डीईसीचा कोर्स देणं, जे अजूनही होतं, तेही व्यर्थच.

उलटी फसगतही होते. धाप लागली की गावातला डॉक्टर आधी डेक्सामेथासोनचं इंजेक्शन ठोकतो, मग माणूस शहरात येतो, मग रक्त काढलं जातं. स्टेरॉइडनंतर काही तासांत रक्तातले इओसिनोफिल उतरतात, कधी शून्यावर येतात. कागदावर लिहिलं जातं: इओसिनोफिलचा दमा नाही. रक्त इंजेक्शनच्या आधी काढलं असतं तर उत्तर वेगळं आलं असतं. रक्त आणि ऊती एकमेकांशी खोटं बोलतात याचा पुरावा मेपोलिझुमॅबच्याच २००३ मधल्या एका अभ्यासात आहे: इंजेक्शनने रक्तातले इओसिनोफिल जवळजवळ नाहीसे झाले, पण श्वासनलिकेच्या तुकड्यांत ते निम्म्याच्या आसपासच घटले.

आपल्या जिल्ह्यातला द्राक्षबागायतदार पानदेठ तपासून आणल्याशिवाय खताची मात्रा ठरवत नाही. छातीच्या बाबतीत मात्र आपण अंदाजपंचे स्टेरॉइड देतो आणि घेतो. तोंडातून, दीर्घकाळ घेतलेल्या स्टेरॉइडचं बिल नंतर येतं: मधुमेह, ठिसूळ हाडं, मोतीबिंदू, सुजलेला चेहरा. कुठल्या तरी ‘दम्यावर खात्रीशीर’ पुड्यांमध्येही तेच मिसळलेलं असण्याची शक्यता असते, म्हणून तर ती इतकी खात्रीशीर. आणि श्वासातून घ्यायच्या, फार कमी मात्रेच्या स्टेरॉइडला हेच लोक नाक मुरडतात, ‘पंपाची सवय लागते’ म्हणून. जगातल्या दमेकऱ्यांपैकी साधारण १३ टक्के भारतात आहेत, पण दम्याने होणाऱ्या मृत्यूंपैकी ४० टक्क्यांहून अधिक. जागतिक आजारभाराच्या अंदाजांत हा विपर्यास वर्षानुवर्षं दिसतो. तात्पुरता आराम देणाऱ्या नुसत्या सल्ब्यूटामॉलवर दमा सांभाळू नका, सोबत श्वासातलं स्टेरॉइड हवंच, हे जागतिक मार्गदर्शक तत्त्वांत २०१९ पासून स्पष्ट आहे. ब्यूडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल हा स्टेरॉइड असलेला पंप आपल्या राष्ट्रीय आवश्यक औषधांच्या यादीतही आहे. हे सगळ्यांसाठी. पेशी मोजण्याची गोष्ट त्यापुढची, डोस चढवताना किंवा उतरवतानाची.

माझ्या मते सर्वांत मोठी संधी बेडक्यात आहे, आणि ती सरकारी दवाखान्यांत नुसती पडून आहे. क्षयरोगाच्या कार्यक्रमाने गेल्या काही दशकांत तालुक्या-तालुक्यांत थुंकी तपासणारे सूक्ष्मदर्शक आणि ते हाताळणारे तंत्रज्ञ उभे केले. खोकला दोन आठवडे टिकला की थुंकी तपासली जाते, आणि टीबी नसेल तर ‘निगेटिव्ह’ एवढंच सांगून माणूस घरी पाठवला जातो. त्याला खोकला का येतो, याचं उत्तर कुणी शोधत नाही. आता सीबीनॅट आणि ट्रूनॅट या यंत्रावरच्या टीबी चाचण्यांमुळे सूक्ष्मदर्शकावरचा टीबीचा भार हलका होत चाललाय. त्या निगेटिव्ह आलेल्या, घरघर असलेल्या माणसाच्या बेडक्याची आणखी एक काच लिशमन किंवा जिम्सा रंगात बुडवायला काय लागतं?

यावर माझे छातीचे डॉक्टर मित्र दोन आक्षेप घेतात, आणि दोन्ही वजनदार आहेत. अनेक दमेकऱ्यांना कोरडा खोकला असतो, बेडका पडतच नाही. खारट पाण्याची वाफ देऊन तो पाडायचा तर त्यातच झटका येऊ शकतो, म्हणून ते काम सोय असलेल्या रुग्णालयातच व्हावं. दुसरं, लाळमिश्रित थुंकीवर केलेली मोजणी बेभरवशाची असते. नीट पद्धतीत बेडक्यातला घट्ट भाग वेचून, तो रसायनाने विरघळवून चारशे पेशी मोजतात, आणि दोन-तीन टक्क्यांच्या वर इओसिनोफिल असतील तर ते जास्त धरतात. पेठच्या दवाखान्यात हे होणार नाही, मान्य. पण मॉरो ब्राउन यांनीही ते केलं नव्हतं. ‘भरपूर आहेत’ आणि ‘एकही नाही’ एवढा फरक साध्या काचेवरही कळतो, आणि उपचाराचे बहुतेक निर्णय त्या दोन टोकांवरच होतात. मधल्यांसाठी जिल्हा रुग्णालय आहे.

चुलीच्या धुराने फुप्फुसं झिजलेल्या बायकांनाही याचा उपयोग आहे. सीओपीडी म्हणतात त्या या आजारात रक्तातला इओसिनोफिलचा आकडा ३०० किंवा वर असेल तर श्वासातल्या स्टेरॉइडचा फायदा संभवतो. १०० च्या खाली असेल तर फायदा नगण्य, न्यूमोनियाचा धोका मात्र वाढतो. आपल्याकडे दोघींनाही तोच पंप मिळतो.

महागड्या जैविक इंजेक्शनांबद्दल माझं मत थोडं कडू आहे. मेपोलिझुमॅब, बेनरालिझुमॅब, ड्युपिलुमॅब ही औषधं नेमक्या माणसाला मिळाली तर आयुष्य पालटतं, यात शंका नाही. पण महिन्याचा खर्च अनेकांच्या पगाराच्या वर जातो. उद्या ती सरकारी योजनेत आणायची मागणी होईल, व्हायलाही हवी. तेव्हा स्टेरॉइड घेण्याआधीचा रक्ताचा आकडा, पॉलिप असेल तर तुकड्याचा आकडा, जंतांचा निकाल, आणि पंप नीट ओढता येतो की नाही याची प्रत्यक्ष तपासणी, या अटी आधी घाला. नाही तर २००७ ची चाचणी आपण सरकारी खर्चाने पुन्हा करू.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ म्हसरूळला आहे. राज्यभरातल्या वैद्यकीय परीक्षांचा गाडा १९९८ पासून नाशकातून हाकला जातो. पॅथॉलॉजीच्या एमडीच्या प्रात्यक्षिकात पॉलिपची स्लाइड आली आणि उत्तरात आकडा नसला तर दोन गुण कापले, एवढं केलं तरी पुरे. कान-नाक-घशाच्या परीक्षेत विनंतीपत्र लिहायला सांगा आणि स्टेरॉइडची ओळ शोधा. नियम काढून जे होत नाही ते गुण कापून होतं, हे परीक्षक म्हणून बसलेला कुणीही सांगेल.

राहिला प्रश्न ज्यांचा आकडा कुठेच वाढलेला नसतो त्यांचा, आणि असे दमेकरी थोडे नाहीत. त्यांच्यासाठी शास्त्राच्या पोतडीत आज फारसं काही नाही. टेझेपेलुमॅब हे जैविक इंजेक्शन थोडंफार चालतं, तेही महाग. ऑस्ट्रेलियातल्या २०१७ च्या चाचणीत आठवड्यातून तीनदा ॲझिथ्रोमायसिन देऊन झटके कमी झाले, पण प्रतिजैविकांना दाद न देणारे जंतू आधीच माजलेल्या आपल्या देशात ते सर्रास देणं मला धोक्याचं वाटतं. या लोकांचं स्टेरॉइड मात्र सावधपणे, छातीच्या डॉक्टरच्या नजरेखाली, उतरवून पाहता येतं. आणि मग विचारायचं राहतं ते कामाबद्दल: द्राक्षावरच्या भुरीसाठी गंधक मारतोस का, सातपूर-अंबडच्या कारखान्यात कुठल्या खात्यात आहेस, स्वयंपाक कशावर होतो, सिंहस्थाच्या कामासाठी खणलेल्या कुठल्या रस्त्यावरून रोज ये-जा आहे. हे प्रश्न आजच्या केसपेपरवर नाहीत. आकड्याच्या रकान्याखाली त्यांनाही चार ओळी ठेवा.